घरमालक गेल्यानंतर राहती खोली आणि थकलेला पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं परदेशात, आजी किंवा आजोबा एकटे, आणि मागच्या खोलीत राहून त्यांचं सगळं करणारं एक माणूस किंवा एक कुटुंब. अशी घरं पुण्या-मुंबईत आता प्रत्येक गल्लीत आहेत. आजोबा आहेत तोवर सगळं तोंडी चालतं. ते गेले की तेरावं उरकायच्या आत दोन वाक्यं कानावर येतात: ‘खोली कधी रिकामी करताय?’ आणि ‘कसला पगार? राहायला दिलं होतं ना!’

खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या परिस्थितीला धरून आहेत, शेवटाकडे गोव्याबद्दलही एक प्रश्न आहे. सगळीकडे एकच धागा दिसेल: खोली आणि पगार या दोन वेगळ्या फायली ठेवा. खोलीवरचा हक्क बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच कच्चा असतो आणि पगारावरचा हक्क वाटतो त्यापेक्षा पक्का. लोक नेमके उलटं करतात. खोली धरून बसतात आणि पगाराची मुदत निघून जाते.

मालक वारले. आता मला इथे राहता येईल का?

तुम्ही तिथे कोणत्या नात्याने राहत होता, यावर ते अवलंबून आहे.

भाडं भरून भाडेकरू म्हणून राहत असाल तर मालक गेल्याने तुमचं भाडेकरूपण संपत नाही. वारस मालकाच्या जागी येतात, एवढाच फरक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये घर खाली करून घेण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांपैकी एखादं कोर्टात सिद्ध केल्याशिवाय वारसांना तुम्हाला काढता येत नाही. पागडीच्या खोलीलाही हेच लागू.

लिव्ह अँड लायसन्सवर असाल तर करारातली मुदत आणि अटी पाहा. मुदत संपल्यावर मात्र थांबू नका. त्यानंतरच्या ताब्यासाठी दुप्पट शुल्क लावण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे.

कामासाठी ठेवलेले असाल, म्हणजे देखभाल, स्वयंपाक, रुग्णसेवा, राखण, आणि त्यापायी खोली मिळाली असेल, तर कायद्याच्या नजरेत ती बहुधा फक्त परवानगी ठरते. परवानगी मागे घेता येते. ती मागे घेतल्यावर निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ६३ मध्ये आहे. वाजवी म्हणजे किती, ते कायदा सांगत नाही. महिना-दोन महिने लेखी मागून घ्या.

बारा वर्षं राहिलं की घर आपलं होतं ना?

नाही. हा समज इतका खोल रुजला आहे की त्यापायी माणसं असलेला पैसाही वकिलावर घालवतात. बारा वर्षांचा नियम मालकाच्या विरोधात, त्याचा हक्क उघड नाकारून ठेवलेल्या ताब्यासाठी आहे. तुम्ही मालकाच्या मर्जीने राहत होता, त्याच्याच चुलीवर चहा करत होता. तो ताबा विरोधी होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मारिया मार्गारिडा सेक्वेरा फर्नांडिस या खटल्यात हे अगदी स्पष्ट केलं. वाद गोव्यातल्या एका घरावरून बहीण-भावातला होता. निकाल असा: राखणदार, देखभाल करणारा किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही, आणि मागितल्यावर ताबा परत द्यावा लागतो. समोरचा वकील पहिल्या तारखेलाच हा निकाल पुढे करेल, हे गृहीत धरूनच पुढचं ठरवा.

पण मालक चार लोकांदेखत म्हणायचे, ‘ही खोली तुझीच समज.’

म्हणाले असतील, मनापासूनही म्हणाले असतील. पण घर बोलण्याने दुसऱ्याचं होत नाही. बक्षीसपत्र नोंदणीकृत लागतं. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. घरात तसा कागद असेल तर मूळ प्रत कोणाच्या हातात देऊ नका, आधी वकिलाला दाखवा. आणि मनाची तयारी ठेवा. देखभाल करणाऱ्याच्या नावाने केलेल्या मृत्युपत्राकडे कोर्ट संशयानेच पाहतं. आजारी म्हातारा, घरात दुसरं कोणी नाही, कागद करताना लाभार्थी स्वतः हजर, अशा सगळ्या शंका तुम्हालाच दूर कराव्या लागतात.

‘तुझीच समज’ हे वाक्य पगाराच्या फाईलमध्ये मात्र कामाला येतं. माणूस फुकट राबत नव्हता, मोबदला देण्याचं बोलणं होतं, याचे ते चार लोक साक्षीदार आहेत.

खोली पगाराच्या बदल्यातच होती. मग मी भाडेकरू की नोकर?

या विषयातला हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि त्याला एका ओळीत उत्तर नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये भाडेपट्ट्याचा मोबदला म्हणून पैशाबरोबर ‘सेवा’ही मोजली आहे. म्हणजे भाडं रोख दिलं नाही म्हणून भाडेकरूपण आपोआप बाद होत नाही. कोर्ट पाहतं ते असं: खोलीला स्वतंत्र दार आहे का? चावी फक्त तुमच्याकडे होती का? मालक हवं तेव्हा आत येत होते का? बायका-मुलं सोबत राहत होती का? विजेचं मीटर वेगळं होतं का? काम सुटलं असतं तरी खोली राहिली असती, असं काही बोलणं होतं का? बंगल्याच्या आवारातल्या वेगळ्या दोन खोल्यांत संसार मांडलेलं कुटुंब आणि आजींच्या बेडरूमबाहेर गादी टाकून झोपणारी बाई, या दोघांची बाजू सारखी नसते.

आता यातली गोम. समजा तुम्ही भाडेकरू ठरलात. तरी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये घर खाली करून घेण्याचं एक कारणच असं आहे की जागा नोकरीमुळे दिली होती आणि ती नोकरी आता संपली. म्हणजे भाडेकरूपण सिद्ध करून वेळ मिळेल, वारसांना कोर्टाची पायरी चढावी लागेल, तडजोडीत तुमचं वजन वाढेल. कायमची खोली मिळेलच असं नाही. हे आधी समजून घेतलं तर पुढची बोलणी शहाणपणाने होतात.

भाडं खरंच भरत होता पण करार कधी नोंदवलाच नाही, असं असेल तर घाबरू नका. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. ती पाळली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे समोरच्याने सिद्ध करायचं.

वारसांनी कुलूप बदललं, सामान जिन्यात काढून ठेवलं. काय करू?

त्याच दिवशी हालचाल करा. ११२ वर फोन करा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ‘हा दिवाणी वाद आहे’ असं म्हणून परत पाठवतील. तेव्हा भांडत बसू नका, निदान अदखलपात्र नोंद तरी करायला सांगा. बाहेर काढलेल्या सामानाचे फोटो, कुलपाचे फोटो, शेजाऱ्यांची नावं, सगळं त्याच दिवशीचं हवं.

कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला असेल तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा करता येतो. त्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. भाडेकरूसाठी हे हत्यार धारदार आहे. निव्वळ देखभालीसाठी ठेवलेल्या माणसासाठी तेवढं नाही, कारण त्याचा ताबा म्हणजे मालकाचाच ताबा असं म्हणायला वर सांगितलेल्या निकालाने वाव दिला आहे. पण तुमच्या वस्तू, कागद, औषधं अडकवून ठेवायचा किंवा अंगावर हात टाकायचा अधिकार कोणालाच नाही. तो सरळ फौजदारी मामला आहे.

पाणी किंवा वीज तोडली असेल तर भाडेकरूसाठी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आहे. कोर्ट ती सेवा पुन्हा सुरू करायला सांगू शकतं.

थकलेला पगार आता कोणाकडे मागायचा? मुलगा म्हणतो, ‘बाबांचा व्यवहार मला माहीत नाही.’

माहीत असायची गरज नाही. मेलेल्या माणसाचं देणं त्याच्या मालमत्तेतून फेडायचं असतं आणि ती मालमत्ता ज्यांच्या हातात आली त्यांनी ते फेडायचं असतं. करार कायद्याचं कलम ३७ सांगतं की वचन देणारा वारला तरी त्याचं वचन त्याच्या प्रतिनिधींना बांधतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० त्याची मर्यादा सांगतं: वारसाच्या हातात जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतंच. म्हणजे मुलाच्या स्वतःच्या पगारातून काही निघणार नाही, पण बापाच्या फ्लॅटमधून, ठेवींमधून, शेअर्समधून निघेल. दोन बीएचके मागे ठेवून गेलेल्या माणसाच्या मुलाने ‘मी कुठून देऊ’ म्हणणं याला कायद्यात जागा नाही.

आणि एक फारसं कोणाला ठाऊक नसलेलं कलम. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मध्ये मृताच्या मालमत्तेतून काय आधी फेडायचं याचा क्रम दिला आहे. आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग मालमत्तेचा कारभार कोर्टातून मिळवण्याचा खर्च. आणि लगेच त्याच्यानंतर, कलम ३२२ प्रमाणे, मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली मजूर, कारागीर आणि घरकामगार यांची मजुरी. इतर देणी त्याच्यानंतर. मृत्युपत्राने ज्यांना काही मिळायचं ते त्याच्याही मागे. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याने मोलकरणीला सावकाराच्या पुढे उभं केलं आहे, आणि आजचे वारस तिला दाराबाहेर उभं करतात!

नोटिशीत आकडे कसे मांडायचे त्याचा नमुना देतो. समजा पगार १२,००० ठरला होता, हातात ७,००० मिळायचे आणि उरलेले ५,००० मालक मागे ठेवायचे. तर लिहा:

‘कै. … यांच्या घरी मी जून २०२१ पासून त्यांच्या निधनापर्यंत घरात राहून स्वयंपाक, औषधपाणी व रात्रीची सोबत असे काम केले. पगार दरमहा १२,००० रुपये ठरला होता. पैकी ७,००० रुपये रोख मिळत. दरमहा ५,००० रुपये बाकी राहिले. शेवटच्या ३६ महिन्यांची बाकी १,८०,००० रुपये होते. त्यापैकी निधनापूर्वीच्या तीन महिन्यांचे १५,००० रुपये कलम ३२२ प्रमाणे अग्रक्रमाने देय आहेत. आपण त्यांचे वारस असून त्यांची मालमत्ता आपल्या ताब्यात आहे. सबब ही रक्कम ३० दिवसांत द्यावी.’

एवढंच. ‘मी त्यांना बापासारखं सांभाळलं’ वगैरे नोटिशीत नको. ते खरं असलं तरी समोरचा वकील त्यातूनच ‘मग प्रेमापोटी केलं, पगार कसला’ असा अर्थ काढेल. नोटीस स्पीड पोस्टाने सगळ्या वारसांना पाठवा, लग्न झालेल्या मुलींनासुद्धा. त्याही तितक्याच वारस आहेत.

किती जुना पगार मागता येतो?

सर्वसाधारणपणे तीन वर्षं. प्रत्येक महिन्याच्या पगाराची मुदत वेगळी धावते. वारसांशी गोड बोलत सहा महिने घालवले तर मागचे सहा महिने तुमच्या हिशेबातून गळून पडतात.

दोन अपवाद पाहून ठेवा. मालकाने मुदतीच्या आत स्वतःच्या सहीने बाकी कबूल केली असेल, अगदी डायरीतल्या एका ओळीत, तर तिथून मुदत नव्याने सुरू होते. आणि पैसे ‘माझ्याकडे ठेव म्हणून राहू देत, मागशील तेव्हा देईन’ अशा बोलीवर ठेवले असतील तर ती ठेव आहे आणि मुदत मागणी केल्यापासून मोजायची, असा युक्तिवाद करता येतो. तो टिकेल की नाही हे पुराव्यावर ठरेल, पण रक्कम मोठी असेल तर वकिलाला हा मुद्दा आवर्जून विचारा.

मालकावर मी आधीच केस केली होती. ती आता संपली का?

नाही, पण मृत्यूपासून ९० दिवसांत वारसांची नावं दाव्यात लावायचा अर्ज करा. नाही केला तर दावा आपोआप पडतो. तो उठवायला पुढे ६० दिवस असतात. वकिलाला मृत्यूची बातमी तुम्हीच द्या. त्याला ती पेपरमधून कळेल या भरवशावर राहू नका.

कामगार आयुक्तांकडे तक्रार करता येईल?

घरकामगाराची इथे कुचंबणाच होते. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने ‘उद्योगा’च्या व्याख्येतून घरगुती नोकरी वगळली आहे, त्यामुळे कामगार न्यायालयाचा नेहमीचा रस्ता बंद. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या कामगारांची तिथे नोंदणी होते, पण ते मंडळ कल्याणकारी योजनांसाठी आहे, थकीत पगार वसूल करून देणारं कोर्ट नव्हे. तिथली नोंद मात्र ‘ही बाई घरकाम करत होती’ याचा चांगला पुरावा ठरते.

म्हणून पगारासाठी दिवाणी दावा. मुंबईत तर दोन फायलींची कोर्टंही वेगळी: भाडेकरू-मालक किंवा परवानाधारकाच्या ताब्याचा वाद लघुवाद न्यायालयात आणि लाखांतली पगाराची वसुली शहर दिवाणी न्यायालयात.

मालकाचं दुकान, गोदाम किंवा लॉज असेल आणि तुम्ही तिथेही राबत असाल तर गोष्ट पालटते. तो भाग घरकाम नाही, तिथे वेतनाचे कायदे लागतात. आणि उचल फिटेपर्यंत फुकट काम करून घेतलं असेल तर ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जा.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

माझ्याकडे कागदच नाहीत. पुरावा काय देऊ?

असतात. दिसत नाहीत एवढंच. हॉस्पिटलच्या दाखल करण्याच्या फॉर्मवर ‘सोबत असलेली व्यक्ती’ म्हणून कोणाची सही आहे? औषधाच्या दुकानाची बिलं कोणाच्या मोबाईल नंबरवर आहेत? परदेशातल्या मुलीने ‘आईने जेवण घेतलं का? बीपी किती आलं?’ असं रोज कोणाला विचारलं? तो व्हॉट्सअ‍ॅप संवाद सोन्यासारखा जपा. फोन बदलू नका, विकू नका. कोर्टात तो द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतील. दूधवाला, वॉचमन, रोज येणारी नर्स, सोसायटीचे सेक्रेटरी हे साक्षीदार. आधार किंवा रेशनकार्डावरचा पत्ता तुम्ही तिथे राहत होता एवढंच सांगतो, मालकी किंवा भाडेकरूपण नाही.

भाडं आता कोणाला द्यायचं? दोन भाऊ दोघेही मागतात.

एकाला देऊन मोकळे होऊ नका. दोघांनाही लेखी कळवा की भाडं तयार आहे, वारस दाखला किंवा सगळ्यांचं मिळून एक पत्र द्या. तोवर शक्य असेल तर मालकाच्या जुन्या खात्यात भरू नका. ते खातं गोठलेलं असू शकतं. वाद मिटत नसेल तर पैसे कोर्टात भरून ‘तुमचं तुम्ही ठरवा’ असं सांगणारा दावा करता येतो. पावती मागा, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २६ प्रमाणे ती देणं मालकाला बंधनकारक आहे.

पगार देत नाहीत, तर मी भाडं थांबवून त्यातून वळतं करून घेऊ का?

अजिबात नको. ही तर दोन फायली एकत्र बांधून स्वतःच्या हाताने समोरच्याला देण्याची गोष्ट झाली. तुमचा पगार वादात असतो, भाड्याची थकबाकी मात्र निर्विवाद दिसते, आणि घर खाली करून घ्यायला ते कायदेशीर कारण आहे. थकबाकी झालीच असेल तर मालकाने नोटीस दिल्यावर ९० दिवस जाईपर्यंत त्यांना दावा करता येत नाही. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत १५ टक्के व्याजासह भरून घर वाचवता येतं. तिथवर जायची वेळच आणू नका.

माझ्यावर दागिने चोरल्याचा आळ घेतला आहे.

पगार मागितल्यावर आठवडाभरात हे होतं, इतकं ठरलेलं आहे. म्हणून मृत्यूनंतर पहिल्याच दिवशी कपाटाच्या चाव्या वारसाच्या हातात द्या आणि शेजारी किंवा सेक्रेटरींच्या समोर यादी करून त्यावर सही घ्या. वारस पोचले नसतील तर सेक्रेटरींच्या ताब्यात द्या, तेही लिहून. मालकाचं एटीएम कार्ड, पिन, यूपीआय तुम्हाला ठाऊक असतं, रोजचा भाजीपाला त्यातूनच व्हायचा. पण मृत्यूनंतर त्या खात्यातला एक रुपयाही काढू नका, अंत्यविधीसाठीसुद्धा. कुलमुखत्यारपत्र असलं तरी ते मालकाबरोबरच संपलं. सही करून ठेवलेले कोरे चेक असतील तर यादीत लिहून परत करा. ‘माझेच पैसे होते, मी घेतले’ हे पोलीस ठाण्यात टिकत नाही.

मी नोकर नाही, पुतण्या आहे. काकांना सहा वर्षं सांभाळलं. मला मोबदला मिळेल?

कठीण आहे. नात्यात केलेलं काम मायेपोटीच केलं असं धरलं जातं. नोकरी सोडून ये, महिन्याला इतके देईन, असं काकांनी लिहिलेलं किंवा बोललेलं सिद्ध होत असेल तर मार्ग आहे. करार कायद्याचं कलम ७० फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा मोबदला देतं, पण तो हेतू दाखवण्याचं ओझं तुमच्यावर. काकांसाठी स्वतःच्या खिशातून केलेला हॉस्पिटलचा खर्च मात्र बिलांनिशी मागा. तो वेगळा आणि बराच सोपा हिशेब आहे.

गोव्यात भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवरच्या घरात राहतो. भाटकार वारले, मुलगा बाहेर काढू पाहतोय.

गोव्यात चित्र पूर्ण वेगळं आहे. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीवरच्या घरात कायम वस्ती करून राहणाऱ्याला काढण्यापासून वाचवतो. भाटकारासाठी काम करायचं बंधन असो वा नसो, तरी. भाटकार मेल्याने मुंडकारपण जात नाही. पण याच कायद्याने पगारी घरनोकर किंवा चौकीदार म्हणून मालकाच्या आवारात राहणाऱ्याला, आणि भाटकाराच्या घरात राखणीसाठी ठेवलेल्या माणसाला मुंडकार मानलेलं नाही. वाद नेमका याच रेषेवर होतो. घर कोणी बांधलं, घरपट्टी कोणाच्या नावे, आधीची पिढी तिथेच होती का, हे कागद घेऊन मामलतदारांकडे जा. तुमचं नाव मुंडकार म्हणून नोंदलेलं आहे का, तेही तिथेच तपासा.

वारस अमेरिकेत आहेत. त्यांचा मेहुणा तडजोड करायला आलाय. सही करू का?

आधी त्याचा अधिकार पाहा. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र तिथे रीतसर साक्षांकित झालेलं हवं आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लागलेला हवा. सगळ्या वारसांनी दिलेलं आहे की एकाच मुलाने, तेही पाहा. नाहीतर आज मेहुण्याशी ठरवाल आणि दिवाळीत मुलगी येऊन सगळं नाकारेल.

तडजोड वाईट नाही. बहुतेक प्रकरणांत तीच सगळ्यात लवकर पैसे देते, कारण वारसांना फ्लॅट विकायचा असतो आणि आत माणूस असलेल्या फ्लॅटला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. तुमचं खरं वजन तिथे आहे. कागदावर खोली सोडण्याची तारीख आणि पगाराची रक्कम ही दोन वेगळी कलमं ठेवा. ‘सर्व हक्क सोडले, काही येणे नाही’ ही ओळ पैसे खात्यात जमा झाल्यावरच. दावा चालू असेल तर तडजोड कोर्टात दाखल करून घ्या, नसेल तर लोकअदालतीत दावापूर्व प्रकरण म्हणून नोंदवा. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. चावी आणि डिमांड ड्राफ्ट एकाच बैठकीत, एकाच टेबलावर. पुढच्या तारखेचा चेक घेऊन चावी देऊ नका.